लाल पोपट

"एक विचारू?" मनोरमा म्हणाली. "रागावणार नसाल तर."

हनुमान जयंतीची सकाळ होती. मारुतीच्या देवळातून आणलेला सुंठवडा तिनं माझ्या हातावर ठेवला होता. आता ती मागाच्या कडेला उभी राहून विणलेल्या पदराकडं बघत होती. मी मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो होतो. आमच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते.

"विचार की."

"तुमच्या येवल्यात पोपट लाल का विणतात?"

मी हसलो. मला वाटलं, थट्टा करतेय. "लाल कुठंयत? हिरवेच तर आहेत."

"हे काय!" तिनं वाकून बोट ठेवलं. "हा लाल, हा लाल, ती खालची सगळी रांग लाल. चोच तेवढी हिरवी. आणि वेलीचं पण तसंच. पानं लाल, फुलं हिरवी."

सुंठवडा माझ्या तोंडात तसाच राहिला.

"आधी का नाही बोललीस?"

"मला वाटलं, असेल तुमच्यात पद्धत," ती म्हणाली. "तुम्ही वरणात गूळ घालता. आमच्या पारोळ्याला कुणी घालत नाही. त्याबद्दल मी काही बोलले का?"

मी पदराकडं पाहिलं. मला ते पोपट चांगले दिसत होते. आबांच्या हातचे दिसायचे तसेच.

इथं थोडं सांगायला हवं. माझे वडील, आबा, गावातले जुने विणकर. पैठणीच्या पदरावर आबांचा हात पडला की गिऱ्हाईक दुसऱ्या दारात जात नसे. त्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशी साली, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले आणि फाल्गुनात ते ऑपरेशनसाठी नाशिकला माझ्या बहिणीकडं गेले. तिथून दीड महिना हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझी आई पूर्वीच गेलेली. घरात मी आणि मनोरमा. मागावर एक कुंकवाच्या रंगाची पैठणी, तिचं अंग आबांनी आणि मी मिळून विणलेलं, पदर तेवढा राहिलेला. कोपरगावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इंदिराबाई रणशूर यांनी ती मुलीच्या लग्नासाठी सांगितली होती. लग्न वैशाख शुद्ध नवमीला. बाई अष्टमीला साडी न्यायला येणार होत्या.

जाताना आबा म्हणाले होते, "पदर तुझा तू कर. घाई करू नकोस. आणि पेटी हलवू नकोस."

पेटी म्हणजे तिल्ल्यांची पेटी. तिल्ली म्हणजे बोटभर काडी, तिच्यावर रंगीत रेशीम गुंडाळलेलं असतं. पदरावरचा प्रत्येक पोपट, प्रत्येक पान वेगवेगळ्या तिल्लीनं हातानं भरायचं. आमच्या पेटीला आठ कप्पे होते आणि मला कळायला लागल्यापासून त्यांचा क्रम कधी बदलला नव्हता. पहिला हिरवा, दुसरा पिवळा, पाचवा लाल. मी रंग बघून तिल्ली उचलतच नव्हतो. हात आपोआप कप्प्यात जायचा.

पाडव्याला मनोरमानं घर झाडलं, सारवलं, आणि पेटीसुद्धा रिकामी करून पुसली. मग तिल्ल्या परत लावल्या. तिच्या मनाप्रमाणे, छान, लाल पहिल्या कप्प्यात आणि हिरव्या पाचव्या. मला सांगावं असं तिला वाटलं नाही. का वाटावं?

आणि मी चौदा दिवस पहिल्या कप्प्यातून हिरवा समजून लाल उचलत होतो.

"मनोरमा," मी म्हणालो, "मला तो फरक दिसत नाही."

"कसला?"

"लाल आणि हिरव्यातला."

मग पेटीतून तिनं दोन तिल्ल्या काढल्या आणि माझ्यापुढं धरल्या. "यातली लाल कुठली?"

दोन्ही मला चिंचेच्या जुन्या गोळ्यासारख्या दिसत होत्या. मी डावीकडची दाखवली. तिनं त्या पाठीमागं नेल्या, पुन्हा पुढं आणल्या. मी पुन्हा डावीकडची दाखवली. तिचा चेहरा बघून कळलं की या वेळी चुकलो.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं. लाल आणि हिरवा ही एकाच रंगाची दोन नावं आहेत, आणि कुठं कुठलं वापरायचं ते पाठ करायचं असतं. जसं कुणाला 'तू' म्हणायचं, कुणाला 'तुम्ही'. मोठा झाल्यावर कळलं की काहीतरी वेगळं आहे. मग लपवायला लागलो."

"आबांना ठाऊक आहे?"

"नाही. कुणालाच नाही."

ती तिथंच जमिनीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी येतंय की राग, मला समजेना. मग तिनं विचारलं, "मला बघायला आलात, तेव्हा मी कुठल्या रंगाचं पातळ नेसले होते?"

"पातळ मी बघितलंच नाही."

"मग काय बघितलंत?"

"खरं सांगू? पोहे. सकाळपासून उपाशी होतो."

ती हसली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली. दुपारचं ताट तिनं माझ्यापुढं ठेवलं आणि आपलं घेऊन चुलीपाशी बसली. मी मनातल्या मनात तिच्या वडिलांचं बोलणं ऐकत होतो. फसवलंत. व्यंग लपवून पोरगी घेतलीत. आणि ते बोलले असते तर त्यांचं काय चुकलं असतं?

भांडी घासून ती पुन्हा मागाजवळ आली. पदर खोचून घेतला होता.

"हे उकलता येतं का?"

"येतं. बाणा, म्हणजे आडवा धागा, एकेक करून काढायचा. रेशीम वाया जाईल, जरीचा धागा वाचेल. तीन दिवस लागतील."

"आणि परत विणायला?"

"चौदा दिवस झालेत, अजून चौदाचं बाकी होतं."

तिनं बोटांवर मोजलं. "तीन, चौदा आणि चौदा. एकतीस. अष्टमीला किती उरले?"

"तेवीस."

"एकट्याला एकतीस," ती म्हणाली. "दोघांना?"

आमच्या घरात बायकांनी मागावर बसायची रीत नव्हती. आईनं जन्मभर कांड्या भरल्या, रेशीम सोडवलं, पण खड्ड्यात पाय टाकला नाही. आबांना ते खपलं नसतं. मी तसं म्हणालो.

"आबा नाशिकला आहेत," ती म्हणाली. "आणि मी काही माग चालवत नाही. रंग तेवढे भरते. सरका."

उकलायला अडीच दिवस लागले. मी कात्रीनं बाणा सैल करायचो आणि ती सुईच्या टोकानं धागा ओढून काढायची. लाल पोपट एकेक करून जात होते. शेवटची रांग काढताना ती म्हणाली, "वाईट नव्हते हो दिसत," आणि त्या दिवसांत पहिल्यांदा थोडं हसली.

मग विणायला लागलो. सुरुवातीला ती नुसती शेजारी बसून माझ्या हातात तिल्ली द्यायची. "हिरवी. हिरवी. आता चोचीला लाल." चार दिवसांत ती स्वतः पानं भरू लागली. पारोळ्याला तिनं भरतकाम केलेलं होतं, बोटं चपळ होती. आठवड्यानं पदराचा डावा अर्धा भाग तिचा आणि उजवा माझा अशी वाटणी झाली. माझ्या वाटणीच्या तिल्ल्या मात्र तीच लावून द्यायची. कुठं चुकलो तर मोठ्यानं बोलायची नाही. माझ्या मनगटावर बोट टेकवायची.

ती मला क्षमा करतेय की फक्त काम करतेय, ते मला कळत नव्हतं. विचारायचा धीर झाला नाही.

आणि आखाजी आली.

खानदेशातल्या मुलीला आखाजी म्हणजे काय, हे सांगायला नको. अक्षय्य तृतीयेला लेक माहेरी जाते, झोके बांधतात, गाणी म्हणतात, पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस. लग्नानंतरची पहिली आखाजी तर कुणी चुकवतच नाही. दोन दिवस आधी मनोरमाचा भाऊ प्रभाकर मुराळी म्हणून न्यायला आला. सोबत आईनं दिलेल्या शेवया आणि तिच्यासाठी नवं पातळ.

मला वाटलं, ही आता जाणार. जाईल, आईच्या गळ्यात पडेल आणि सगळं सांगेल. मी बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसलो. आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"चल, आवर," प्रभाकर म्हणत होता. "तीनची गाडी आहे."

"मी नाही येत रे दादा या वेळी."

"म्हणजे?"

"मागावर काम आहे. सासरे गावाला आहेत. यांना एकट्याला नाही होणार."

"तू माग विणतेस?" त्याचा आवाज चढला. "तुला आम्ही मजुरी करायला दिली का इथं? मारतोय का तो तुला? खरं सांग मनू. धमकावलंय का?"

मी उठलो. दारात जाऊन म्हणालो, "प्रभाकरराव, चूक माझी आहे. मला..."

"तुम्ही गप्प बसा," मनोरमा म्हणाली. मला असं ती पहिल्यांदाच म्हणाली, तेही भावासमोर. मग त्याच्याकडं वळली. "मला कुणी मारत नाही, कुणी धमकावत नाही. घरात अडचण आहे आणि ती आमची आहे. आईला सांग, अष्टमीनंतर येते. दोघंही येतो."

प्रभाकर आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. शेवटी शेवयांचा डबा त्यानं देवळीत ठेवला. "आई रडेल," एवढंच म्हणाला आणि तीनच्या गाडीनं गेला.

ती मागावर येऊन बसली. तिल्ली उचलली, खाली ठेवली. डोळे पुसले. पुन्हा उचलली.

"का नाही सांगितलंस त्याला?" मी विचारलं.

"त्यानं वडिलांना सांगितलं असतं, वडील इथं आले असते, बैठक बसली असती. अष्टमीला बाईंना काय, बैठक नेसायला देणार होता?" मग, पदरावरची नजर न काढता, "आणि मला अजून राग आहे. तो माझा आहे. तो मी आणखी कुणाला का देऊ?"

आखाजीच्या दिवशी शेजारच्या बाईनं दोन पुरणपोळ्या आणून दिल्या. आम्ही त्या मागाच्या कडेला बसून खाल्ल्या आणि दोन इंच विणले.

आबा पंचमीला आले, चार दिवस आधीच, न कळवता. नाशिकला त्यांना करमेना. रिक्षातून उतरले तेव्हा डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा होता. दारातून आत आले आणि तसेच थांबले. खड्ड्यात आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलेलो. मनोरमाच्या हातात तिल्ली.

ती गडबडून उठायला लागली.

"बस," आबा म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या. पिशवी खाली ठेवली. पदराजवळ येऊन ते वाकले, इतके की चष्मा जवळजवळ रेशमाला टेकला. त्यांनी बोटानं एका फुलाला स्पर्श केला, मग दुसऱ्या, मग पोपटाच्या चोचीला.

"काय लाल आहे रे हा!" ते म्हणाले. "पाच-सहा वर्षं मला सगळा लाल विटकरीसारखा दिसत होता. मला वाटायचं, दुकानदार हलका माल देतोय. त्याच्याशी भांडलोसुद्धा." ते हसले. मग त्यांची नजर पेटीकडं गेली. कप्प्यांवर मनोरमानं कोळशानं खुणा केल्या होत्या. त्यांचं हसू थांबलं.

"पेटी कुणी हलवली?"

"मी," मनोरमा म्हणाली. "पाडव्याला. मला ठाऊक नव्हतं."

"म्हणजे आता ठाऊक आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आबा, तुम्हाला..."

"तू सात वर्षांचा होतास," आबा खाटेवर बसत म्हणाले. "पोरं बोरं वेचायला जायची. बाकीची बघून वेचायची. तू प्रत्येक बोर दाताखाली धरून बघायचास, पिकलंय का ते. तुझ्या आईनं ओळखलं. तिच्या वडिलांचं असंच होतं. त्याच दिवशी मी पेटीला कप्पे पाडले."

मी ज्यांच्यापासून लपवत होतो, ते पंधरा वर्षं माझ्यासाठी लपवत होते.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? भिऊन हात आखडला असता तुझा. विणकराचं पोर, त्याला मागावरून उठवून काय करायला लावणार होतो?" ते मनोरमाकडं वळले. चष्म्याच्या जाड काचांमागं त्यांचे डोळे फार मोठे दिसत होते. "पण तुझ्या वडिलांना सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं, पोरी. दोनदा शब्द तोंडाशी आला. सांगितला असता तर त्यांनी तुला दिली नसती."

"नसतीच दिली," मनोरमा म्हणाली.

आबांनी मान खाली घातली.

मनोरमानं तिल्ली उचलली, एक पान पूर्ण केलं आणि धागा तोडला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बरं झालं नाही सांगितलंत ते. चहा टाकते. गूळ घालू का यातपण?"

आबांना आधी कळलं नाही. मग ते असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि डॉक्टरांनी डोळे चोळू नका म्हटलंय म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो.

त्यानंतर मनोरमाला मागावरून कुणी उठवलं नाही. उलट आबाच दिवसभर शेजारी खाट टाकून बसायचे आणि तिला शिकवायचे, "अगं, पानाच्या टोकाला एक धागा कमी घे." सप्तमीला संध्याकाळी पदर पुरा झाला.

अष्टमीला इंदिराबाई आल्या. उन्हात पाच मिनिटं साडी उलटून पालटून बघितली. मुख्याध्यापिकाच त्या, चूक शोधायची सवय. शेवटी म्हणाल्या, "आबा, डोळ्यांचं ऑपरेशन मानवलं तुम्हाला. रंग काय उठलेत!"

"रंग सूनबाईचे आहेत," आबा म्हणाले. "मी नुसता खाटेवर होतो."

बाईंनी मनोरमाला नीट निरखून बघितलं आणि पर्समधून दहाची नोट काढून तिच्या हातात ठेवली. साडीच्या किमतीचे पैसे आबांनी घेतले, पण ती दहाची नोट मनोरमानं पुढं कित्येक वर्षं मोडली नाही.

नवमीला पहाटे आम्ही पारोळ्याला निघालो.

मनमाडला गाडी बदलली. मनोरमाला खिडकीजवळची जागा मिळाली. मालेगावच्या अलीकडं ती एकदम ओरडली, "अहो, बघा, बघा! गुलमोहर!"

मी वाकून बघितलं. विहिरीजवळ एक झाड होतं. पसरट, गर्द, दुसऱ्या कुठल्याही झाडासारखं. एरवी मी म्हणालो असतो, "वा, काय फुललाय." असं म्हणायची मला चांगली सवय होती.

"कुठाय?" मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. ती विसरली होती. मग तिनं माझं बोट धरलं आणि खिडकीतून बाहेर रोखलं. "तो. वरचा सगळा भाग लाल आहे. पान दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. खालीसुद्धा लाल सडा पडलाय."

"बरं."

"तुम्हाला नाही ना दिसत?"

"नाही."

"मग मी सांगते," ती म्हणाली.

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. रस्त्याकडेला कलिंगड कापून ठेवलंय, ते लाल. त्या म्हाताऱ्याचं पागोटं लाल. अंगणात मिरच्या वाळत घातल्यात, गडद लाल. त्या बैलाच्या शिंगांना लाल हिंगूळ लावलाय. पेट्रोल पंपावर वाळूच्या बादल्या, लाल. पोस्टाची पेटी. विटांची भट्टी, पण ती लाल म्हणजे आबांचा मोतीबिंदूतला लाल. समोरच्या बाईचं कुंकू. त्या पोरीच्या वेणीची रिबीन. "आणि आपण बसलोय ती ही यष्टीसुद्धा लाल आहे, ठाऊक आहे ना?"

"लोक लाल डबा म्हणतात, म्हणून ठाऊक आहे."

ती खळखळून हसली. पुढच्या सीटवरच्या माणसानं मागं वळून बघितलं. मग ती आणखी जोरात सांगू लागली, कारण धुळ्यापुढं रस्ता खराब होता आणि गाडीच्या काचा खडखडत होत्या. मी बाहेर बघत होतो, तिच्याकडं बघत होतो. जगात लाल इतकं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बावीस वर्षं माझ्याच डोळ्यांसमोर होतं ते सगळं, आणि मला कुणी दाखवलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलं नव्हतं.

तिचा राग त्या प्रवासात कुठल्या गावाला उतरला ते मला सांगता येणार नाही. पारोळ्याला तो आमच्याबरोबर नव्हता, एवढं खरं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. प्रभाकरनं घरी येऊन काय सांगितलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मनोरमानं वाकून नमस्कार केला आणि "आई, कशी आहेस?" म्हणाली. म्हणजे म्हणायला गेली. तिच्या बसलेल्या घशातून नुसती फसफस बाहेर आली.

सासूबाईंनी तिला खांद्याला धरून उभं केलं. माझ्याकडं जळजळीत नजर टाकली आणि लेकीला विचारलं, "आवाज का असा झालाय गं तुझा? खरं सांग, किती रडवलं यांनी तुला?"

मनोरमानं उत्तर द्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि उंबऱ्यावरच पोट धरून हसत बसली.